वर गेलेला हात

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी सिडनीहून आठ दिवसांसाठी बडोद्यास आला होता. फराळ आटोपल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "सर, तुम्ही एके काळी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहत होता. हे जरा पाहा आणि सांगा, ह्यात चूक कोणाची?"

पडद्यावर दोन मिनिटांचे चित्रण होते. हिरवेगार मैदान, माणसांनी फुललेल्या गॅलऱ्या, धिप्पाड खेळाडूंची झटापट आणि त्यांच्या मध्ये एक पंच. पंचाचा हात डोक्यावर जाऊन हलतो. काही क्षणांतच तो खाली येतो. पंच काहीतरी ओरडतो. आणि त्याच वेळी एक खेळाडू चेंडू उराशी धरून, जणू घाई कशाचीच नाही अशा रीतीने, प्रतिपक्षाच्या पकडीत सापडतो. पुढच्याच क्षणी चेंडू त्याच्याकडून काढून प्रतिपक्षास दिला जातो. त्या खेळाडूचे दोन्ही हात आश्चर्याने पसरतात.

आम्ही ते चित्रण तीन वेळा पाहिले. चौथ्यांदा पाहण्याची इच्छा झाली नाही, कारण तोवर आमच्या डोळ्यांपुढे तीस वर्षांपूर्वीचे एक धुळीचे मैदान येऊन उभे राहिले होते. त्याची हकीकत ओघाने येईलच. प्रथम हा खेळ कोणता आणि प्रसंग कोणता, हे सांगणे प्राप्त आहे.

खेळाचे नाव रग्बी लीग. दोन्ही बाजूंस तेरा-तेरा गडी असतात. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीस टेकवावयाचा. ह्यास 'ट्राय' म्हणतात व त्याचे चार गुण मिळतात. सोबत्याकडे चेंडू हाताने फेकावयाचा तो मागच्या बाजूसच. पुढे धाडावयाचा असेल तर पायाने मारावा लागतो. प्रतिपक्षाचे गडी चेंडूवाल्यास मिठी घालून खाली आणतात, ही झाली पकड. पकडलेल्या गड्याने उठून चेंडू जमिनीवर ठेवावयाचा, पायाने मागे सरकवावयाचा, की खेळ पुन्हा सुरू. एका पाळीत अशा सहा पकडी झाल्या की चेंडू मुकाट्याने प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा लागतो. म्हणून पाच पकडी होताच शहाणा संघ चेंडू पायाने दूर तरी धाडतो किंवा रेषेजवळ उंच तरी उडवितो. कबड्डीच्या अंगणाभोवती ज्यांचे बालपण गेले त्यांना पकडीचे मर्म अधिक समजावून सांगावयास नको.

ह्या खेळाचा जन्मच मुळी नियमांच्या भांडणातून झाला. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकाशायर परगण्यांत, कापडगिरण्यांतून व कोळशाच्या खाणींतून राबणारे कामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की मजुरी बुडे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबाने करावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळ हा केवळ हौसेचा, त्यास पैशाचा विटाळ होता कामा नये, असे रग्बीच्या धुरीणांचे म्हणणे होते. घरचे खाऊनपिऊन सुखी असलेल्यास हौस परवडते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याची गोष्ट निराळी. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी एकत्र येऊन आपली वेगळी संघटना स्थापन केली. तिचेच नाव पुढे १९२२ साली 'रग्बी फुटबॉल लीग' असे झाले.

वेगळी चूल मांडली की लाकडांची चिंता आपली आपल्यालाच करावी लागते. खेळाडूंस पैसे द्यावयाचे तर तिकीट काढून येणारा प्रेक्षक हवा, आणि प्रेक्षक यावयाचा तर खेळ मोकळा व डोळ्यांस दिसेल असा हवा. म्हणून ह्या मंडळींनी नियमांवर हात चालविण्यास आरंभ केला. चेंडू मैदानाबाहेर गेला असता दोन रांगा करून तो झेलण्याची जी 'लाइन-आउट' नावाची पद्धत होती, ती त्यांनी १८९७ साली काढून टाकली. १९०६ साली पंधरा गड्यांचे तेरा केले, आणि पकडीनंतर उठून चेंडू पायाने मागे सरकविण्याची वर सांगितलेली रीत आणली. नियम बदलणे हा ह्या खेळाचा तेव्हापासूनचा जणू कुळाचार आहे. १९०८ साली सिडनीत ह्या खेळाची स्पर्धा सुरू झाली, आणि कुळाचारही समुद्र ओलांडून तिकडे गेला.

त्या काळी पकडींवर मर्यादा नव्हती. चेंडू हातून निसटला नाही तर एखादा संघ तो वाटेल तितका वेळ आपल्याजवळ ठेवू शके. दोनचार पावले पुढे जा, पड, ऊठ, पुन्हा दोनचार पावले. ज्याच्याजवळ ताकद त्याच्याजवळ चेंडू, आणि ज्याच्याजवळ चेंडू त्याच्याजवळ सामना. सिडनीच्या सेंट जॉर्ज संघाने १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा वर्षे अजिंक्यपद मिळविले, ते ह्याच अमर्याद पकडींच्या काळात. पुढे १९६६ साली इंग्लंडात आणि १९६७ साली ऑस्ट्रेलियात चार पकडींची मर्यादा आली. ती फारच तोकडी पडली. चेंडू हाती येतो न येतो तोच गडबडीने तो लाथाडून देण्याची पाळी येई. म्हणून ऑस्ट्रेलियाने १९७१ साली व ब्रिटनने १९७२ साली चाराच्या सहा पकडी केल्या. आजवर तीच संख्या टिकली आहे.

कोणासही वाटेल की, झाले, आता वादाचे कारणच उरले नाही. एक ते सहा मोजावयाचे, एवढेच पंचाचे काम. परंतु मोजणारा माणूसच असतो. १९७८ साली सिडनीच्या स्पर्धेतील एका उपान्त्य सामन्यात मॅनली संघाची गाठ पॅरामाटा संघाशी पडली. पंच होते ग्रेग हार्टली. मॅनलीच्या एका गड्याने एक ट्राय केला, आणि मागाहून ध्यानात आले की सहा पकडी अगोदरच होऊन गेल्या होत्या, हा ट्राय सातवीचा होता. मॅनलीने तो सामना १७–११ असा जिंकला व त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळविले. पॅरामाटाचे लोक आजही त्या सातव्या पकडीची आठवण काढतात. अमर्याद पकडींच्या काळात ही चूक संभवलीच नसती, कारण तेव्हा मोजावयाचेच काही नव्हते. नियमाने एक अन्याय दूर केला आणि दुसऱ्याची सोय करून ठेवली.

आमच्या मते नियमबदलाच्या साऱ्या इतिहासाचे सार ह्यात आहे. पंचाचे तारतम्य नियमाने नाहीसे होत नाही. त्यास एका खोलीतून बाहेर काढावे, तर ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. पकडी मोजावयाच्या ठरल्या, मग लगेच प्रश्न आला की मोजणी पुन्हा एकापासून केव्हा सुरू करावयाची? त्याचे उत्तर असे ठरले की, बचाव करणाऱ्या गड्याने मुद्दाम चेंडूला हात घातला तर चढाई करणाऱ्यांस पुन्हा सहा पकडी द्याव्यात. पण चेंडू नुसताच त्याच्या अंगास लागून गेला तर मोजणी पूर्ववत चालू ठेवावी. आता हात घातला की हातास लागला, हे कोणी ठरवावयाचे? पंचाने, आणि तेही क्षणार्धात. पुन्हा सहा पकडी दिल्याची खूण म्हणजे डोक्यावर हात नेऊन हलविणे. आमच्या विद्यार्थ्याने दाखविलेल्या चित्रणातील हात तो हाच.

तो सामना ६ ऑक्टोबर २०१९ रोजी सिडनीत झालेला ऑस्ट्रेलियातील स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूस आदल्या वर्षीचा विजेता सिडनी रूस्टर्स, दुसऱ्या बाजूस पंचवीस वर्षांनंतर अंतिम फेरी गाठलेला कॅनबेराचा रेडर्स संघ. प्रेक्षक ऐंशी हजारांहून अधिक. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात सुमारे आठ मिनिटे उरलेली, आणि गुण ८–८ असे समसमान. कॅनबेराने रूस्टर्सच्या रेषेजवळ चेंडू उंच उडविला. त्याखाली दोन्ही बाजूंच्या गड्यांनी उड्या घेतल्या आणि चेंडू उसळून पुन्हा कॅनबेराकडेच आला. मुख्य पंच बेन कमिन्स ह्यांस वाटले, चेंडू रूस्टर्सच्या हातून आला; त्यांनी डोक्यावर हात हलविला. वस्तुतः चेंडूस अखेरचा स्पर्श कॅनबेराच्याच गड्याचा होता. सहकारी पंचांनी ते कानातील यंत्रातून तत्काळ कळविले, आणि कमिन्स ह्यांनी 'ही शेवटची' असे ओरडून निर्णय फिरविला. परंतु कॅनबेराच्या जॅक वायटन ह्याने हात पाहिला होता; ओरडणे त्या कोलाहलात त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. अजून सहा पकडी हाताशी आहेत अशा समजुतीने तो चेंडू घेऊन पकडीत गेला. शेवटची आहे हे ठाऊक असते तर त्याने चेंडू पायाने मारला असता, सोबत्याकडे दिला असता, काहीतरी केले असते. चेंडू रूस्टर्सकडे गेला, आणि थोड्याच वेळात त्यांच्या जेम्स टेडेस्को ह्याने ट्राय केला. सामना १४–८ असा संपला.

स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी मागाहून असा खुलासा केला की, अखेरचा निर्णय योग्य होता, प्रथमचा इशारा मात्र चुकीचा. हे खरेच आहे, आणि नेमके त्यामुळेच मन अस्वस्थ होते. निर्णय बरोबर असूनही अन्याय झाला, असे येथे म्हणावे लागते.

त्याच सामन्याच्या आरंभी आणखी एक घटना घडली होती. रूस्टर्सच्या गड्याने मारलेला चेंडू कॅनबेराच्या गड्याने अडविला, तो उसळून मागे गेला आणि मैदानात उभ्या असलेल्या रूस्टर्सच्याच एका प्रशिक्षण-साहाय्यकास लागला. तो साहाय्यक वाटेत नसता तर कॅनबेरास चेंडू मिळण्याची चांगली संधी होती. परंतु अशा वेळी दोन्ही बाजूंच्या गड्यांनी खांद्यास खांदे भिडवून 'स्क्रम' करावयाचा आणि चढाई करणाऱ्या बाजूने त्यात चेंडू टाकावयाचा, असा तेव्हाचा नियम होता, आणि चढाई रूस्टर्सची होती. म्हणजे ज्यांचा माणूस आडवा आला त्यांच्याच पदरात चेंडू पडला. आणि थोड्या वेळाने त्यांनी पहिला ट्रायही केला. येथे पंचाने तिळमात्र तारतम्य वापरले नाही; नियम अक्षरशः पाळला. एकाच सामन्यात कॅनबेरास एकदा तारतम्य चुकल्याने फटका बसला, आणि एकदा तारतम्यास वावच नसल्याने. ज्यांस वाटते की नियम काटेकोर केले म्हणजे न्याय आपोआप होतो, त्यांनी ह्या सामन्याचा पूर्वार्ध पाहावा; आणि ज्यांस वाटते की सारे पंचावर सोपवावे, त्यांनी उत्तरार्ध.

खेळाच्या मूळ नियमावलीत असे म्हटले आहे की, घडलेल्या गोष्टीविषयी पंच हाच एकमेव निर्णायक होय, आणि एकदा दिलेला निर्णय त्याने मागाहून बदलू नये. सीमारेषेवरील साहाय्यकाने पूर्वी घडलेला एखादा आडदांडपणा नजरेस आणून दिला तर मात्र तो रद्द करता येतो. जुन्या लोकांनी हे का लिहिले असावे? पंच चुकणारच नाही, अशी त्यांची समजूत खचित नसावी. त्यांस बहुधा एवढेच म्हणावयाचे होते की, मैदानावरच्या सव्वीस माणसांनी कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवून पाऊल टाकावयाचे असते, आणि तो शब्द वरचेवर फिरू लागला तर पाऊल टाकणेच अशक्य होईल. पुढे दूरचित्रवाणी आली, चित्रण पाहून निकाल देणारे पंच आले, कानांत यंत्रे आली. चूक तत्काळ कळू लागली, आणि कळलेली चूक तशीच ठेवणे हाही अन्याय वाटू लागला. दोन्ही बाजूंस न्याय्य कारणे आहेत, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

त्या सामन्यानंतर नियमांस पुन्हा हात लागलाच. २००९ सालापासून तिकडे मैदानावर दोन पंच असत. २०२० साली महामारीमुळे थांबलेली स्पर्धा मे महिन्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा पुन्हा एकच पंच ठेवला गेला. पंचांच्या संघटनेने ह्याविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, पण शेवटी तडजोड झाली. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. पकडलेल्या गड्याच्या अंगावर बचाव करणारे रेंगाळून पडून राहिले, तर पूर्वी शिट्टी वाजे, खेळ थांबे आणि दंड होई. आता शिट्टी नाही. पंच केवळ हात हलवितो आणि चढाई करणाऱ्यांस पुन्हा सहा पकडी मिळतात. खेळ न थांबता वेगाने चालावा, हा हेतू.

वेग आला ह्यात शंका नाही. परंतु रेंगाळणे म्हणजे नेमके किती, हे मोजणारा गज कोठे आहे? तो पंचाच्या मनात आहे. पूर्वी शिट्टी वाजली की खेळ थांबे, साऱ्या मैदानाचे लक्ष तिकडे जाई, कशाबद्दल दंड झाला हे कळे. आता हात हलतो, मोजणी बदलते, आणि कशाबद्दल हे पुष्कळदा कोणास कळतही नाही. तारतम्य तेवढेच राहिले. त्याचा आवाज मात्र गेला.

ह्या बदलाची दुसरी बाजू अधिक गमतीची आहे. २०२१ साली हीच सवलत बचावफळीने दहा मीटर मागे न राहण्याच्या गुन्ह्यासही लावण्यात आली. चतुर प्रशिक्षकांनी लगेच हिशेब मांडला. प्रतिपक्ष आपल्याच रेषेजवळून पाळी सुरू करीत असताना पहिल्याच पकडीत मुद्दाम गुन्हा केला, तर त्यास काय मिळते? पुन्हा सहा पकडी; म्हणजे जेमतेम एक पकड अधिक. तेवढ्यात आपली फळी नीट उभी राहते. दंड इतका स्वस्त झाला की गुन्हा परवडू लागला. तेव्हा २०२२ साली पुन्हा दुरुस्ती करावी लागली, आणि चेंडूवाला संघ स्वतःच्या चाळीस मीटरांच्या आत असताना असा गुन्हा घडल्यास जुना दंडच परत आणला गेला. दरम्यान, मे २०२१ मध्ये मानेवर व डोक्यावर होणाऱ्या पकडींविरुद्ध कडक धोरण जाहीर झाले, आणि ब्रिस्बेन येथे भरलेल्या एकाच फेरीत तीन खेळाडूंना कायमचे व डझनाहून अधिकांना दहा-दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर जावे लागले. नियम तेच होते, पंच तेच होते. फक्त तारतम्य कसे वापरावे ह्याविषयीची सूचना बदलली होती. एका आठवड्यात खेळाडूंनी आपली जन्माची सवय कशी बदलावी, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यात वावगे काय? आणि एखाद्या तरुण गड्याचा मेंदू जन्माचा अधू होऊ नये म्हणून कठोर व्हावे लागले, हे अधिकाऱ्यांचे म्हणणेही खोटे कसे म्हणावे?

हे वाचून कोणी म्हणेल, साता समुद्रांपलीकडची ही पंचाईत आपल्याला कशाला? तर पंचाईत आपल्या अंगणातही आहे. हुतुतूला लिखित नियमांत बसविण्याच्या प्रयत्नांत आपल्या बडोद्याचा वाटा आहे. १९२३ साली येथील हिंदविजय जिमखान्याने भरविलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत त्या वेळी तयार केलेले नियम वापरले गेले. त्या खेळाचा प्राण म्हणजे दम. एका श्वासात चढाई. आणि दम टिकला की तुटला हे पंचाने कानाने ठरवावयाचे. ह्यावरून किती मैदानांवर हमरीतुमरी झाली असेल, त्याची गणती नाही. आता चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे. घड्याळ आले, तरी दम ऐकण्याचे काम पंचाच्या कानाकडेच राहिले. शाळेच्या कचेरीतही आम्ही हेच पाहतो. तारतम्याने घोळ होतो म्हणून परिपत्रक निघते, आणि परिपत्रकाचा अर्थ लावावयास पुन्हा तारतम्य लागते.

आता ते धुळीचे मैदान. सुमारे तीस वर्षांपूर्वी, आम्ही नवखे शिक्षक असताना, आंतरशालेय कबड्डीच्या एका सामन्यास आम्हांस पंच म्हणून नेमले होते. एक संघ शहरातील, दुसरा एका लहानशा खेड्यातील शाळेचा. शेवटचे मिनिट चालू होते आणि दोन्ही संघांचे गुण सारखे होते. खेड्यातील संघाचा एक काटकुळा मुलगा चढाईस गेला. परतताना त्याने मागे पाय फेकला, आणि आम्हांस वाटले की तो कोपऱ्यातील गड्यास लागला. चढाई पुरी होईपर्यंत पंचाने हात वर करावयाचा नसतो. परंतु आमचे वय उत्साहाचे होते. हात वर गेला. मुलाने तो पाहिला. मध्यरेषा दोन पावलांवर होती. गुण मिळाला, ह्या आनंदात त्याने दम सोडला आणि तो चालत परत येऊ लागला. समोरच्या बाजूचे पंच पुढे आले व म्हणाले, पाय लागलाच नाही. आम्ही अगदी जवळून पाहिले. ते अनुभवी होते आणि त्यांची खात्री होती. आम्ही हात खाली घेतला. स्पर्श नाही, म्हणून गुण नाही. आणि प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला, म्हणून चढाई करणारा बाद. खेड्यातील संघ एका गुणाने हरला.

नियमाने दोन्ही निकाल बिनचूक होते. सरपंचांनीही मान डोलावली. मुलगा रडला नाही, भांडला नाही. सामन्यानंतर आमच्याजवळ येऊन तो एवढेच म्हणाला, "साहेब, तमारो हाथ तो ऊंचो हतो ने?" आपला हात तर वर होता ना? आम्ही त्यास नियम समजावून सांगितला. आमचा हात वर गेला ही आमची चूक होती, हे मात्र त्यास सांगितले नाही.

सिडनीच्या त्या चित्रणाने ह्या गोष्टीस पुन्हा तोंड फुटले, आणि आमच्या विद्यार्थ्यास आम्ही जे उत्तर दिले तेच येथे देतो. चुकीचा इशारा तसाच ठेवावा, तर प्रतिपक्षावर अन्याय. तो फिरवून खेळ तसाच पुढे चालवावा, तर ज्याने इशाऱ्यावर भरवसा ठेवला त्याच्यावर अन्याय. तेव्हा तिसरी वाट धरावी. शिट्टी वाजवून खेळ थांबवावा, 'चूक माझी' असे सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे, आणि इशारा देण्यापूर्वी जी स्थिती होती तेथून डाव पुन्हा सुरू करावा. आमच्या सामन्यात ती चढाई रद्द करून त्या मुलास पुन्हा एक चढाई देता आली असती; निदान सरपंचांकडे तशी मागणी तरी आम्हांस करता आली असती. कदाचित ती नामंजूर झाली असती. पण मुलास दिसले असते की ज्याच्या हातावर त्याने विश्वास ठेवला, तो माणूस त्याच्या बाजूने उभा राहिला.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे. वरचेवर असे थांबून मागे जाऊ लागलो तर खेळाचा विचका होईल, आणि कावेबाज खेळाडू 'मला इशारा दिसला होता' असे म्हणून सवलती मागतील. म्हणून हा अधिकार क्वचित, आणि केवळ पंचाच्या उघड्या व साऱ्यांनी पाहिलेल्या चुकीपुरताच वापरावा, असे आमचे मत आहे. म्हणजे पुन्हा तारतम्य आलेच! आले तर येऊ द्यावे. त्यापासून सुटका नाही, हे एकदा मान्य केले की मग त्याचा वापर कसा करावा ह्याकडे लक्ष देता येते. कमिन्स ह्यांच्याविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. लक्षावधी डोळे रोखलेले असताना, चूक कळताच अहंकार बाजूस ठेवून त्यांनी ती दुरुस्त केली. ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांच्या दुरुस्तीची किंमत मात्र वायटनने मोजली, आणि आमच्या दुरुस्तीची त्या काटकुळ्या मुलाने.

हल्ली आमच्या शाळेतील तरुण शिक्षक पंच म्हणून मैदानात उतरतात तेव्हा आम्ही त्यांस दोनच गोष्टी सांगतो. हात उशिरा वर करा. आणि चुकून अगोदर गेलाच, तर खाली आणण्यापूर्वी त्या हाताकडे पाहून कोणी थांबले आहे का, ते पाहा. तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे गेला असेल. त्याचे नाव आम्हांस आठवत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'होय' असे होते, आणि ते त्यास त्याच दिवशी मिळावयास हवे होते.